श्री संत गाडगेबाबा व गावचे सांडपाणी

वऱ्हाडच्या मातीने महाराष्ट्राला जे थोर पुरुष दिले, त्यांत श्री संत गाडगेबाबा यांचे नाव ठाऊक नसलेले घर मोर्शी तालुक्यात शोधूनही सापडणार नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, शाळेच्या वर्गात, देवळाच्या सभामंडपात त्यांची तसबीर असते. अंगावर चिंध्यांचे कपडे, एका हाती गाडगे व दुसऱ्या हाती खराटा, हे रूप लहान पोरही ओळखते. परंतु तो खराटा कशावर चालत होता, याचा विचार मात्र फारसा होत नाही. वाळला कचरा झाडणे सोपे आहे, ते काम सुनाही सकाळी अंगणात करतात. बाबांचा खराटा चालला तो वाहत्या नालीत, यात्रेने घाण केलेल्या पाणवठ्यावर आणि चिखलाने भरलेल्या वाटेवर. ज्या पाण्याला कोणी धनी नसतो, त्या पाण्याची उठाठेव या सत्पुरुषाने जन्मभर केली. त्या अंगाने त्यांचे चरित्र पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

बाबांचा जन्म ता. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे झाला. याच तिथीला मोर्शी तालुक्यात सालबर्डीची यात्रा भरते व दोन्ही राज्यांतील हजारो भाविक तेथे लोटतात. बाबांचे नाव डेबू, वडिलांचे झिंगराजी, आईचे सखूबाई, आडनाव जानोरकर, जात परीट. परीट म्हणजे गावच्या बलुतेदारांपैकी एक. गावातल्या सर्व घरांचे मळके कपडे त्याने नदीवर न्यावयाचे, भट्टी लावावयाची, आपटून पिळून वाळवून परत घरोघर पोचवावयाचे. गावचा मळ ज्याच्या हातून जातो त्याला गावाचे खरे रूप दिसते. कोणत्या घरात आजार आहे, कोणत्या घरात बाळंतपण झाले, हे परटाला न सांगता कळते. पाण्याचा वरचा अंग कोणता व खालचा कोणता, हेही त्याला दुसऱ्या कोणी शिकवावे लागत नाही.

आपल्याकडच्या पाणवठ्यांना जुना क्रम होता. वरच्या अंगाला पिण्याचे पाणी भरावयाचे, त्याखाली अंघोळी, त्याखाली धुणे, सर्वांत खाली गुरेढोरे. व्यवस्था म्हणून ती शहाणपणाची होती. पण तिच्यात दुसरी एक गोष्ट मिसळलेली होती. जी माणसे खालच्या जातीची समजली जात, त्यांचा पाणवठाही बहुतेक गावांत खालच्या अंगालाच असे. वरच्यांनी वापरून सोडलेले पाणी त्यांच्या वाट्याला येई. गावच्या सांडपाण्याचा प्रश्न केवळ चिखलाचा व डासांचा नव्हता, माणसाच्या मानाचाही होता, ही गोष्ट बाबांचे कार्य पाहताना सतत डोळ्यांपुढे ठेवावी लागते.

डेबू लहान असतानाच झिंगराजी दारूच्या पायी गेले. सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आल्या. डेबूने मामाची गुरे राखली, वावरात राबून उत्तम शेतकरी झाला. पुढे सावकाराच्या खोट्या हिशेबाने मामाची जमीन गेली व त्या दुःखात मामाही गेला. अक्षरओळख नसल्याचा परिणाम काय होतो हे डेबूने तेव्हा पाहिले. मुलांना शिकविण्यासाठी घरातली भांडी विकण्याची वेळ आली तरी विका, हा जो त्यांचा उपदेश पुढे गाजला, त्याचे मूळ येथे आहे.

तो काळही वऱ्हाडला फार कठीण होता. सन १८९९-१९०० च्या दुष्काळात येथील पाणवठे आटले व असंख्य माणसे दगावली. पटकीच्या साथी तर वरचेवर येत. पटकीचा जंतू पाण्यातून पोटात जातो, हे जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यातील तलावांचे पाणी तपासून दाखविले होते. पण ती विद्या दापुऱ्यापर्यंत यावयास फार वर्षे लागली. गावाच्या लेखी पटकी म्हणजे मरीमायचा कोप. त्यावर उपाय म्हणजे बकरा कापणे आणि मरीमायचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन ठेवणे. शिवेबाहेर म्हणजे शेजारच्या गावाच्या हद्दीत. मग त्या गावाने तो आणखी पुढे न्यावयाचा. रोग आपल्या दारातून दुसऱ्याच्या दारात ढकलला की काम झाले, अशी ही समजूत होती. ती गेली असे मात्र म्हणवत नाही, कारण आज पुष्कळ गावी नालीचे पाणी नेमके त्याच रीतीने शिवेबाहेर नेऊन सोडले जाते.

सन १८९२ मध्ये डेबूजींचे लग्न कुंताबाईंशी झाले. मुलगी झाली तेव्हा बारशाला जातभाईंनी रिवाजाप्रमाणे मटण व दारूची अपेक्षा धरली होती. डेबूजींनी पंगतीला गोडधोड वाढले. जातीत कुरकूर झाली, पण ते बधले नाहीत. अखेर ता. १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते घर सोडून निघाले. बरोबर घेतले ते एक मडके. त्या मडक्यामुळेच लोक त्यांना गाडगेबुवा म्हणू लागले. कोठे गोधडेबुवा, कोठे चिंधेबुवा अशीही नावे पडली. मिळेल ती भाकर त्याच गाडग्यात घ्यावयाची, त्यातच पाणी प्यावयाचे, आणि काम केल्याशिवाय कोणाचे अन्न घ्यावयाचे नाही, असा त्यांचा नेम होता. कोणाचे वावर निंदून दे, कोणाची लाकडे फोडून दे, आणि मग भाकर माग, अशी ती साधना वर्षानुवर्षे चालली.

त्यांच्या सार्वजनिक कामाची पहिली मोठी जागा म्हणजे पूर्णा नदीकाठचे ऋणमोचन. येथे मुद्गलेश्वराचे देवस्थान आहे व पौष महिन्यात दर रविवारी यात्रा भरते. येथे स्नान केले म्हणजे माणूस ऋणातून मोकळा होतो अशी श्रद्धा आहे. सावकारी ऋणाने मामाचे घर बुडालेले पाहिलेला हा माणूस त्या यात्रेत उभा राहिला तेव्हा त्याच्या नजरेस काय आले? पूर्णेचा काठ काळ्या चिकण मातीचा. हजारो पायांनी तो तुडवला जाऊन त्याचा रबडा झालेला. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया घसरून पडत. स्नान करून वर आलेला माणूस गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला असे. यात्रेतला केर, उष्टे, घाण सर्व काठालाच साचून तेच पाणी खाली वाहत जाई. लोक त्याच पाण्याचे तीर्थ म्हणून आचमन करीत.

बाबांनी तेथे आधी स्वतःच्या हाताने वाट नीट करण्यास सुरुवात केली. लोकांनी आधी वेडा म्हणून हसून घेतले, मग काही जण घमेले घेऊन पुढे आले. पुढे वर्गणी जमली व १९०८ च्या सुमारास तेथे पक्का घाट बांधण्यात आला. घाट म्हणजे नुसत्या पायऱ्या नव्हेत. पक्का काठ झाला म्हणजे पाण्यात उतरण्याची जागा ठरते, माती ढासळून पाणी गढूळ होत नाही, काठ धुऊन काढता येतो, आणि स्नानाची जागा व पाणी भरण्याची जागा वेगळी ठेवता येते. इंजिनियरचे शिक्षण नसलेल्या माणसाला हे कळले, कारण तो परटाच्या कुळातला होता. ही गोष्ट चरित्रकार सहसा सांगत नाहीत, पण तिचे वजन मोठे आहे. नव्या देवळासाठी पैसा गोळा करणे त्या काळी सोपे होते. घाटासाठी, म्हणजे लोकांच्या पायांखालच्या चिखलासाठी पैसा मागणे कठीण होते.

पुढची जवळजवळ पन्नास वर्षे बाबा महाराष्ट्रभर फिरले. त्यांची रीत ठरलेली होती. गावात शिरले की पाटलाच्या वाड्यावर जावयाचे नाही, देवळातही नाही. खराटा हाती घ्यावयाचा व वेशीपासून झाडू लागावयाचे. घराघरांतून न्हाणीचे पाणी गल्लीत सोडलेले असे, ते खड्ड्याखड्ड्यांत साचून हिरवे-काळे झालेले, त्यात डुकरे लोळत. त्या नाल्या बाबा मोकळ्या करीत. उन्हात घामाघूम झालेला चिंध्यांतला तो माणूस कोण, हे दुपारपर्यंत कोणाला कळत नसे. कळले की गावकरी खजील होऊन धावत येत. मग बाबा त्यांच्याही हाती फावडी देत. नमस्कार करू पाहणाऱ्याला ते जवळ येऊ देत नसत, पाया पडणाऱ्याला काठीचा प्रसाद मिळे. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई.

त्या कीर्तनात वेदान्त नव्हता. अस्सल वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या लोकांना प्रश्न विचारीत व उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत. देवाला अंघोळ कोण घालतो, वस्त्र कोण नेसवतो, देवापुढचा नैवेद्य कुत्रे खाऊ लागले तर त्याला कोण हाकलतो, असे एकेक विचारून शेवटी देवाला सांभाळणारा माणूसच आहे हे माणसांच्याच तोंडून वदवीत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवापुढे मुके जनावर कापू नका, शिवाशीव पाळू नका, एवढेच त्यांचे सांगणे होते. बकऱ्यांचा बळी ही दयेची बाब आहे तशी स्वच्छतेचीही आहे. जत्रेच्या दिवशी देवळासमोर रक्त, आतडी व ती धुतलेले पाणी यांचा जो लगदा साचतो, त्यावर घोंगावणाऱ्या माशाच पुढे प्रसादाच्या ताटावर बसतात.

बाबांच्या कार्याचे दुसरे मोठे ठिकाण पंढरपूर. ते दरवर्षी वारीला जात, परंतु विठ्ठलाच्या दर्शनासाठी राऊळात जात नसत. त्यांचे काम बाहेर, चंद्रभागेच्या वाळवंटात चाले. लाखो वारकरी चार दिवस जेथे राहणार तेथे मलमूत्राची सोय काय, याचा विचार कोणी केलेला नव्हता. आषाढीचा पाऊस, भरलेले वाळवंट आणि तेच नदीचे पाणी पिण्यास. पटकी पंढरपुरात फैलावावयाची आणि परतणाऱ्या दिंड्यांबरोबर गावोगाव पोचावयाची, हे त्या काळच्या सरकारलाही माहीत होते. चंद्रभागेचा तो प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. सन २०१६ मध्ये राज्य शासनास नदीच्या शुद्धीकरणासाठी नमामि चंद्रभागा ही वेगळी योजना जाहीर करावी लागली.

त्या पंढरपुरात अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या वारकऱ्यांचे हाल तर विचारू नयेत. त्यांना कोणत्याही धर्मशाळेत जागा नव्हती. उघड्यावर, पावसात, घाणीशेजारी त्यांनी मुक्काम करावयाचा. बाबांनी वर्गणी जमवून १९२० च्या सुमारास त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. चोखोबांचे जन्मस्थान परंपरेने वऱ्हाडातीलच, देऊळगाव राजाजवळचे मेहुणाराजा, मानले जाते, आणि त्यांच्या नावाची धर्मशाळा वऱ्हाडच्याच दुसऱ्या संताने बांधली. १९४९ साली बाबांनी ही धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क मागितला तो १९२७ साली. एकाने स्वच्छ पाण्यावरचा हक्क मागितला, दुसऱ्याने घाण पाण्याची जबाबदारी सर्वांवर टाकली. या दोघांचा एकमेकांविषयी आदर होता यात नवल नाही. गावची घाण काढणे हे जन्माने ठरलेल्या माणसांचे काम, ही समजूत मोडल्याशिवाय अस्पृश्यता जात नाही, हे दोघांनीही ओळखले होते. माणसाकडून मैला साफ करवून घेण्यास कायद्याने पुरती बंदी होण्यास मात्र २०१३ साल उजाडले.

पंढरपूरप्रमाणेच नाशिक, आळंदी, देहू येथेही त्यांनी धर्मशाळा उभारल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या गरीब रोग्यांच्या नातेवाइकांसाठी सोय केली. मूर्तिजापूरला गोरक्षण व धर्मशाळा झाली. मोर्शीला लागून असलेल्या चांदूर बाजार तालुक्यात नागरवाडी येथे आश्रम झाला. या सर्व इमारतींचा पैसा लोकांनी दिला, हिशेब विश्वस्तांनी ठेवला. बाबा स्वतः त्यांपैकी एकाही इमारतीत मालक म्हणून राहिले नाहीत, आणि आपल्या नातलगांचा कशावरही हक्क लागू दिला नाही. सन १९२३ मध्ये कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता त्यांचा मुलगा गोविंद वारल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन पुरे केले. ता. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगेबाबा मिशन स्थापन होऊन संस्थांचा सर्व कारभार त्याकडे आला. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने कऱ्हाडला काढलेल्या महाविद्यालयास त्या निरक्षर साधूचे नाव आहे.

त्याच पिढीत ग्रामशुद्धीचा ध्यास घेतलेली आणखीही मंडळी होती. गुरुकुंज मोझरी मोर्शीपासून दूर नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावच्या स्वच्छतेला वेगळे स्थान दिले. कोकणात कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धन यांनी स्वतः मैला वाहिला व त्यापासून खत होईल असा साधा, स्वस्त संडास तयार केला. तो गोपुरी संडास म्हणून प्रसिद्ध आहे. बाबांनी असा काही संडास किंवा नालीचा नकाशा तयार केला नाही. त्यांनी लाज मोडली. घाणीला हात लावण्याची लाज सोडा व घाण करण्याची धरा, असा त्यांच्या सगळ्या धडपडीचा रोख होता. आप्पासाहेबांच्या संडासाला वापरणारा माणूस मिळावा म्हणून असाच कोणीतरी आधी गल्लीतून खराटा घेऊन जावा लागतो.

ता. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलिसांसमोर बाबांचे शेवटचे कीर्तन झाले. प्रकृती पार ढासळली होती. ता. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, ता. २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे मोटारीतून नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. अमरावतीत ज्या जागी समाधी आहे तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ ची, त्यास २००५ साली बाबांचे नाव देण्यात आले.

सन २०००-०१ पासून राज्य शासनाने संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू केले. गावागावांत चढाओढ लागली, तालुका-जिल्हा-राज्य पातळीवर बक्षिसे ठेवली. गोदरी बंद होऊन घरोघर संडास झाले, रस्ते झाडले गेले, भिंती रंगल्या. अभियानाने गावांना हलविले यात शंका नाही. पण तपासणीचे पथक येऊन गेल्यावर पुष्कळ ठिकाणी नाल्या पुन्हा तुंबल्या, हेही तितकेच खरे आहे. पुण्यतिथीला खराटे हाती घेऊन छायाचित्र काढणे हा तर आता रिवाजच झाला आहे. ती झाडलोट बहुधा सिमेंटच्या रस्त्यावर होते. नालीचे तोंड जेथे उघडते तेथे छायाचित्रकार जात नाही.

आणि नेमका तेथेच आजचा प्रश्न आहे. बाबांच्या काळी पाणी विहिरीवरून, नदीवरून डोक्यावर आणावे लागे. घागर मोजून वापरली जाई, म्हणून सांडपाणीही थोडे असे. आता नळ आले. सन २०१९ च्या जलजीवन मिशनप्रमाणे खेड्यात दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे ठरले आहे. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असा या विषयातील जाणकारांचा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे हजार वस्तीच्या गावात रोज ५५ हजार लिटर पाणी येणार व त्यातील ४४ हजार लिटर न्हाणीतून, मोरीतून बाहेर येणार. दहा हजार लिटरचे चार टँकर भरून उरतील एवढे हे पाणी, आणि तेही दररोज. नळयोजनेचा खर्च मंजूर करून घेताना जेवढी धावपळ होते, तिच्या चौथा हिस्साही या ४४ हजार लिटरसाठी होत नाही.

सिमेंटची नाली बांधली म्हणजे हे पाणी संपत नाही, ते फक्त पुढे जाते. वेशीपाशी त्याचे डबके होते. घाण पाण्यातला क्युलेक्स डास तेथे वाढतो व विदर्भात जुन्या काळापासून असलेला हत्तीरोग त्याच्यामार्फत पसरतो. (डेंग्यूचा डास मात्र स्वच्छ पाण्यात, घरातल्या रांजणात, कूलरमध्ये होतो. सर्व खापर नालीवर फोडून चालत नाही.) डबके भरले की पाणी नाल्यात उतरते. वरुड-मोर्शीकडचे नाले वर्धेला मिळतात, आणि सिंभोरा येथे वर्धा नदीवर बांधलेल्या अप्पर वर्धा धरणाचे, म्हणजे नल-दमयंती सागराचे पाणी अमरावती शहर पिते. एकीकडे संत्र्याच्या बागांसाठी उपसा होऊन या भागातील भूजल अतिवापराच्या यादीत गेले, बोअर शेकडो फूट खाली गेले, आणि दुसरीकडे वापरलेले पाणी जमिनीत न मुरता उघड्यावर नासते, हा मोठा विरोधाभास आहे.

उपाय महाग नाही. घराघरांचे पाणी घराशेजारीच जिरविणारा शोषखड्डा हा त्यातला सर्वांत सोपा. एका कुटुंबाला सुमारे एक मीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा पुरतो. तळाशी मोठे दगड, मधल्या थरात त्याहून लहान, वर आणखी बारीक. त्यावर काटक्या व गोणपाट अंथरून माती टाकतात, म्हणजे डास आत जाऊ शकत नाही. दगडांच्या पृष्ठावर व भोवतालच्या मातीत जे सूक्ष्म जीव वाढतात ते पाण्यातली घाण खातात, आणि पाणी मुरत मुरत खाली जाते. आपल्या काळ्या जमिनीची मात्र एक अडचण आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात फुगून पाणी धरून ठेवते, झिरपू देत नाही. म्हणून वऱ्हाडात मुरूम लागेपर्यंत खोल गेल्याशिवाय शोषखड्डा चालत नाही. पिण्याच्या विहिरीपासून, हापशीपासून तो निदान पन्नास फूट दूर असावा, आणि संडासाचे पाणी त्यात कधीही सोडू नये. संडासाला दोन खड्डे वेगळे असतात. एक वापरात असताना दुसरा बंद ठेवावयाचा, वर्ष-दीड वर्षात त्यातील मैल्याचे निर्धोक खत होते. ज्याच्या घरी जागा आहे त्याने न्हाणीचे पाणी परसबागेत केळी, अळू, कर्दळीला द्यावे. जागा नसलेल्या दाट वस्तीत सर्वांचे पाणी एका नालीने नेऊन गावाबाहेर उथळ तळ्यांत ऊन-वाऱ्याने शुद्ध करून मग शेतीला वापरता येते. यात्रेच्या, महाप्रसादाच्या दिवशी देवळाच्या आवारात घराच्या कितीतरी पट पाणी सांडते, म्हणून तेथे एक खड्डा पुरत नाही, दोन-तीन लागतात. त्यांची जागा फरशी बसविण्यापूर्वीच ठरवावी लागते, मागाहून फरशी फोडणे होत नाही.

शोषखड्ड्याच्या तोंडाशी एक मातीचे मडके बसवितात. फुटके-जुने असले तरी चालते, किंबहुना तेच घेतात. त्याच्या बुडाला भोके पाडून आत नारळाच्या शेंड्या किंवा कुटार भरावयाचे व न्हाणीची मोरी त्यात सोडावयाची. भांड्यांची राख, तेलकट ओशट, भाताची शिते त्यात अडकतात आणि नुसते पाणी खाली उतरते. हे गाडगे नसेल तर वर्षभरातच दगडांची तोंडे चिकटाने बंद होऊन खड्डा तुंबतो. असल्यास तो कितीतरी अधिक टिकतो. गाडग्यातले कुटार काळे पडले, वास मारू लागले की हाताने काढून उकंड्यात टाकावे व नवे भरावे. काही वर्षांनी खड्डा उपसून, दगड धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा भरावा लागतो.